वेशीत अडलेली गाडी

म्हसा, रविवार १६ फेब्रुवारी २०२५

नम्रता,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं, मग खोडलेलं वाईट दिसायला लागलं म्हणून कागदच बदलला. तुझा भाऊ आदेश मुरबाडला भेटला होता. त्यानं तुझा निरोप दिला: फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, काय बोलायचं ते लिहून पाठवा. म्हणून लिहितोय. शाळा सुटल्यापासून मी रजेच्या अर्जाशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा हेही अर्जासारखं वाटलं तर सांभाळून घे.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे तसं नाही, पण पत्रात असंच लिहितात. आई अजून तुला धरूनच भाकऱ्या थापते, आणि उरतात त्या मी सकाळी कंपनीत नेतो. बाळी आत्या ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारते, माझ्याशी मात्र कामापुरतं बोलते. घरात तिघं आहोत आणि टीव्ही लावल्याशिवाय आवाज होत नाही.

मुख्य मुद्दा असा की मी गाडी घेतली. कुठली ते वाचून पत्र फाडू नकोस. आपल्या वरातीचीच. शहापूरचा मालक ती काढायलाच बसला होता, कारण आपल्या लग्नानंतर कोणी ती भाड्यानं नेईना. तुला वाटतं फक्त तुझंच नाव खराब झालं, पण त्या बिचारीचंही झालं.

वरून राजाची गाडी. पांढरी, सोनेरी कडा, मागं सिंहासनासारखी उंच लाल सीट. खाली मात्र कुठल्याशा जुन्या पेट्रोल गाडीचा सांगाडा लांबवून जोडलेला. त्या दिवशी वेशीपर्यंत झकास आली, मारुतीच्या देवळापुढच्या चढाला लागली आणि दोन आचके देऊन बंद. मी लगेच उतरून बॉनेट उघडलं, पण काही उमजेना. शेवटी पोरांनी ढकलत दारापर्यंत आणली. दारात आत्या जे बोलली ते तू ऐकलंस, मी ऐकलं, बेंजोवाल्यांनीसुद्धा ऐकलं. "येशीतच गाडी अडली. पोरीचा पाय काय बरा नाय."

मग विहिरीवरची मोटर जळली ती तुझ्यामुळं, म्हशीचं रेडकू गेलं तेही तुझ्यामुळं. आणि गेल्या महिन्यात जत्रेच्या दिवसांत माझ्या चुलतभावाच्या, जगदीशच्या साखरपुड्याला आत्यानं तुला ओवाळणाऱ्या बायकांतून उठवून चुलीपाशी पाठवलं. तू हातातलं ताट ठेवलंस आणि माहेरी जायला पिशवी भरलीस. मला समजतं. म्हणूनच ही गाडी आणलीय. ती त्या दिवशी कशानं अडली ते मी उघडून साऱ्या गावाला दाखवणार आहे. एकदा दाखवलं की कोणाला बोलायला तोंड उरणार नाही, आणि तुला परत यायला अडचण राहणार नाही.

हिंगाची डबी कुठं ठेवतेस? आईला सापडत नाही.

संदेश


म्हसा, रविवार ९ मार्च २०२५

नम्रता,

उत्तर आलं नाही, म्हणजे हिंगाची डबी तुलाही आठवत नसावी. असू दे, बिनहिंगाचं खातोय.

कारण सापडलं. गाडी लांबवणाऱ्यानं पेट्रोलची टाकी पार मागं, लाल सीटखाली नेली होती. तिथून इंजिनापर्यंत एकच लांब नळी, आणि ती त्यानं सरळ सायलेन्सरच्या पाइपाला खेटून बांधलेली. गाडी वेगात असली की वारा लागतो, काही बिघडत नाही. पण वरात म्हणजे चार पावलं जायचं आणि थांबायचं. दर दारात कोणी ओवाळणार, कोणी चाकावर पाणी ओतणार, पुढं पोरं नाचणार. वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेला पाइप. नळीतलं पेट्रोल आधणासारखं उकळायला लागलं. पुढचा पंप पेट्रोल ओढायला गेला आणि त्याच्या तोंडी नुसती वाफ आली. वाफेवर इंजिन चालत नाही. एवढीच गोष्ट आहे नम्रता. यात तुझा पाय कुठंच येत नाही.

आता मी टाकीपासून सगळं नवं करतोय. टाकी शहापूरचा कमळू मिस्त्री बनवतोय. कमळू पत्रा कापताना बोलतो, आणि वेल्डिंगची ढाल तोंडापुढं असते तेव्हा ढालीच्या आतून बोलतो. पण काम देखणं. टाकीच्या पोटात त्यानं आडवे पडदे घातले, म्हणजे चढावर सगळं पेट्रोल एकदम मागं धावणार नाही. टाकीपाशीच मी विजेवरचा पंप बसवतोय. तो लांबून ओढत नाही, जवळून पुढं रेटतो. नळी गाडीच्या दुसऱ्या अंगानं, सायलेन्सरपासून लांब. आणि इंजिनाला लागतं त्याहून जास्त पेट्रोल पुढं पाठवायचं, उरलेलं दुसऱ्या नळीनं माघारी टाकीत आणायचं. सारखं फिरत राहिलं की तापायला वेळच मिळत नाही.

हे मी जेवताना सांगायला लागलो तर आई म्हणाली, "गप जेव रे." तू असतीस तर निदान समजल्यासारखं तोंड केलं असतंस. तुझं ते समजल्यासारखं तोंड मला फार आठवतं.

कंपनीतून आलो की मी गाडीखाली शिरतो आणि दिसेनासं झालं की बाहेर येतो. गाडीखाली बरं वाटतं, तिथून घर दिसत नाही. खोलीत तुझी उशी आहे तिथंच आहे. मी अजून माझ्याच कडेला झोपतो, जशी काही तू मधेच येऊन म्हणणार आहेस की सरका.

होळीला तू येशील असं आईला वाटतंय. मलाही वाटतं, पण मी विचारत नाही. काम अर्धं आहे आणि अर्ध्या कामावर तुला बोलवायला तोंड नाही.

संदेश


म्हसा, रविवार १३ एप्रिल २०२५

नम्रता,

गाडी झाली. हे वाक्य लिहायला मी किती दिवस थांबलो होतो, आणि आता लिहिलं तर त्यात काही जीव वाटत नाही. का ते सांगतो.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा मुरबाडच्या रस्त्याला काढली. मी एकटाच. छान चालली आणि मग अगदी तशीच, आचके देऊन बंद. गाडीत तू नाहीस, कोणी नाही. मी स्टीअरिंगवर हात ठेवून आपल्याच पायांकडे बघत बसलो. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही शंका आली. मग टाकीचं झाकण फिरवलं तर सूं करून हवा आत गेली. कमळूनं बोलण्याच्या नादात टाकीला हवेचं भोकच ठेवलं नव्हतं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकी आतलं काही सोडत नाही. भोक पाडलं, त्याला बारीक नळी लावली आणि काम झालं.

आज भर दुपारी वरातीच्या वाटेनं नेली. गावात आधीच सांगून ठेवलं होतं. दर दारात थांबलो. जगदीशच्या आईनं, बारकी काकीनं, हसत हसत चाकावर तांब्या ओतला. पोरं पुढं नाचत होती, बेंजोचं काम तोंडानंच चाललेलं. मारुतीच्या चढावर मी मुद्दाम गाडी उभी केली आणि इंजिन चालू ठेवून बसून राहिलो. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. इंजिनाचा ठेका एकदाही चुकला नाही. तसाच दारापर्यंत आलो.

आई ओटीवर मिरच्या निवडत होती, शेजारी आत्या. मी म्हटलं, "बघितलंस ना आई? तोच चढ, तसंच ऊन."

आईच्या बोलण्यात राग नव्हता, ते आणखी लागलं. मिरचीचं देठ मोडत म्हणाली, "बघितली रे. पन ती नव्हती ना गाडीत."

आत्या म्हणाली, "तेच बोलते मी."

मी उन्हाचा विचार केला, चढाचा केला, हवेच्या भोकाचा केला. मागची सीट रिकामी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढं सगळं जोडून मी त्यांचंच म्हणणं पक्कं करून दिलं.

वाटलं तुला बोलवावं, सीटवर बसवावं आणि फिरवून दाखवावं. पण मग ती तुझी परीक्षाच झाली. आणि एखादी तार सुटून गाडी थांबली तर मी कुठं बघू? म्हणून बोलवत नाही. पण घर फार मोठं झालंय नम्रता. आधी इतकं मोठं नव्हतं.

संदेश


म्हसा, रविवार ४ मे २०२५

नम्रता,

आता शांतपणे वाच, कारण मला शांतपणे लिहिता येत नाहीये.

जुनी नळी मी टाकून दिली नव्हती. परवा ती परत बसवली. होती तशी, सायलेन्सरला खेटून. पुढचा जुना पंपही जोडला. आणि आज दुपारी आत्याला म्हटलं, "आत्ये, चल, तुला गाडीतून गावात फिरवतो."

"मी रे? म्हातारी?"

"मग काय झालं?"

"लोकं हसतील."

"हसू दे."

आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली ती नवं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून. चढताना हात दिला तेव्हा म्हणाली, "माज्या लग्नात बैलगाडी व्हती, ती बी दुसऱ्याची." लाल सीटच्या मधोमध बसली. दर दारात मी थांबायचो आणि ती वरून हाका मारायची. बारकी काकीला म्हणाली, "ओवाळ गो मला, फुकट नाय, सुपारी देन." मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. तुला खोटं वाटेल.

मारुतीचा चढ लागला. दोन आचके, बंद. त्याच जागी, नम्रता, अगदी त्याच जागी.

मी उडी मारून उतरलो. लोक जमलेच होते. सगळ्यांना बोलावून खाली वाकायला लावलं, नळीवर पाणी ओतलं, चर्र झालं. म्हटलं, बघा, पेट्रोल उकळतंय, पंपात वाफ गेलीय. गेल्या वर्षी हेच झालं होतं. आता सांगा कोणाचा पाय. दुकानवाला हितेश म्हणाला, "मंग आता आत्याचा पाय का?" सगळे हसले, मीही हसलो. पोरांनी गाडी ढकलत घरी आणली. आत्या पदर पुढं ओढून वर बसून होती.

आईनं नुसतं गाडीकडं बघितलं आणि ती आत गेली. पण आता कोणी काही बोलू शकत नाही, सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलंय. आता ये. मी न्यायला येतो, म्हणशील त्या दिवशी. नवी नळी उद्याच बसवतो.

संदेश


म्हसा, रविवार १८ मे २०२५

नम्रता,

तुझं उत्तर नाही. बरंच झालं. गेल्या पत्रातलं 'ये' मी मागं घेतो.

मी गावाला सांगितलं की नळी तापते. गावानं ऐकलं की आत्याचा पाय वाईट. आधी थट्टा होती. हितेशच्या दुकानात आत्या गेली की कोणीतरी म्हणायचं, आत्ये, माज्या फटफटीला हात लावू नको गो. मग थट्टेतलं हसू कमी झालं. कोणाची तरी शेळी मेली, आणि आदल्या दिवशी आत्या त्यांच्या ओटीवर बसली होती असं निघालं. तुला काय सांगायचं, तुला हे सगळं पाठ आहे.

परवा जगदीशची हळद होती. गावात हळदीची गाणी आत्याशिवाय होत नाहीत, घाणा भरताना पहिला आवाज तिचा. ती तयार होऊन निघाली होती. वाटेतच बारकी काकीनं तिला अडवलं, गोडीतच म्हणाली, "आत्या, तुमी घरीच बसा ना. ऊन लय हाय." हळद होती सांजची. आत्या परत आली, ओटीवर बसली आणि तिथूनच गाणी ऐकत राहिली. दुसऱ्याच कोणीतरी म्हटली. मधेच एकदा म्हणाली, "चुकली ती तिथं."

मग आईनं मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. आत्याचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत साप चावून गेला. सासरच्यांनी तिला 'हिचा पाय बरा नाय' याच शब्दांत माहेरी आणून सोडलं होतं. ती सारा जन्म या घरात राहिली आणि त्यावर कधी बोलली नाही. आई म्हणाली, "आता परत तिला त्येच ऐकावं लागलं, तुज्यामुळं."

काल सकाळी आत्यानं विचारलं, "नमीचा गाव कुठल्या यष्टीनं येतो रे?" मी सांगितलं की शहापूरला उतर, तिथून शेणव्याची बस. कशाला विचारतेस असं विचारायचं धाडस झालं नाही. सोडायला येतो म्हटलं, तर गाडीकडं बघून म्हणाली, "नको." पिशवी घेऊन निघून गेली. ती म्हसा-मुरबाडबाहेर एकटी कधी गेलेली नाही. पोचली असेल तर एवढं मात्र कळव. माझ्याशी बोलू नकोस, पण हे कळव.

नवी नळी, नवा पंप परत बसवलाय. गाडी आता कशानंच अडत नाही. आज तिला वेशीपर्यंत नेऊन आणली. मागची सीट रिकामी, घरात आई आणि मी, आणि आई माझ्याशी बोलत नाही. सगळं बरोबर जोडून झालं आणि माणसं एकेक करून गेली. मला कळत नाही माझं कुठं चुकलं. कळत असेल तर तूच सांग.

संदेश


शेणवा, रविवार २५ मे २०२५

अहो,

आत्या त्याच दिवशी पोचल्या. शहापूरला चुकीच्या बसमध्ये बसल्या होत्या, कंडक्टरनं उतरवून बरोबर बसमध्ये बसवलं. काळजी करू नका, जेवतात, झोपतात, माझ्या आईशी पटतं.

मला वाटलं त्या माफी मागायला आल्या असतील. तसं काही नाही. पहिले दोन दिवस आमी एकमेकींशी बोललोच नाय. (बघा, इथं राहून लिहिण्यातही आमी-नाय येतंय.) तिसऱ्या दिवशी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलो होतो. विळीवरची कैरी तशीच धरून त्या म्हणाल्या, "गाडी बंद पडली गो, तवा संदेश उतरला. सगले उतरले, सगले वाकून खाली बघत व्हते. वर मी एकलीच. इतकी उंच सीट. पदर कुठं घेऊ, बघू कुठं, काय समजना. मला वाटला, कोनी तरी बसावा माज्या बाजूला." मग ती कैरी फोडली. मग म्हणाल्या, "तुला बी तसाच झाला आसल."

मी तिथंच रडले. वर्षभर मला जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी सांगितलं.

तुम्ही विचारलंत कुठं चुकलं, म्हणून लिहिते. आत्या दारात बोलल्या त्याचं मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधीच माझं काहीतरी मोडलं होतं. गाडी बंद पडली आणि तुम्ही माझ्याकडं न बघता उडी मारून उतरलात. तुमच्यामागं सगळे उतरले. मला त्या गावातलं एक माणूस ओळखीचं नव्हतं. मी मुंडावळ्या बांधून त्या सीटवर बसले होते आणि सगळा गाव खाली उभा राहून माझ्याकडं बघत होता. गाडी पोरांनी ढकलली, तुम्ही पुढं चालत होता, पोरांना सांगत होता डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या. तुमच्या घरात मी एकटी वरातीतून आले.

नंतरही तसंच झालं. मला कोणी काही बोललं की तुम्ही मोटर बघायला जायचात, नाहीतर कंपनीत. साखरपुड्याला मला उठवलं तेव्हा तुम्ही मांडवातला पंखा दुरुस्त करत होता. तुमची सगळी पत्रं मी वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. सगळ्या पत्रांत तुम्ही गाडीखालीच आहात. तुम्ही माझ्यासाठीच करत होता हे मला समजतं. पण मला नळीचं कारण नको होतं. पाय बरा की वाईट ते गाव ठरवत बसेल, आज माझा, उद्या आत्यांचा, परवा आणखी कोणाचा. त्यांना किती नळ्या दाखवणार?

आत्या म्हणतात त्या परत जाणार नाहीत. मी म्हटलं, मग मीही नाही. त्यावर त्या रागावल्या, म्हणाल्या, "तू येडी हाय का." तेव्हापासून आमचं रोज यावरच भांडण चालू आहे. काल त्या हरल्या.

येत्या रविवारी या. एसटीनं नको, तीच गाडी घेऊन या. आम्ही दोघी मागं बसू, आणि तुम्ही मधे. चालवायला आदेशला सांगितलंय. गावातून सावकाश जायचं, दर दारात थांबत, जगदीशच्या दारातही.

नवी नळी ठेवा नाहीतर जुनी लावा, मला फरक पडत नाही. पण वेशीत गाडी बंद पडली तर तुम्ही उतरायचं नाही. आमच्याबरोबर वर बसून राहायचं. ढकलायला गाव आहे.

नम्रता